विषय : राउटर बदलणेबाबत

आमच्या घरचा राउटर बदलायचा की नाही, हा विषय मागच्या वर्षीच्या पोळ्यापासून प्रलंबित आहे. प्रलंबित या शब्दाची मला भीती नाही. तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षं टेबल सांभाळलेल्या माणसाला तो शब्द घरच्यासारखा वाटतो. माझी हरकत वेगळी आहे. ज्या रीतीनं हा विषय आमच्या घरात हाताळला जातोय, तिला कार्यपद्धती म्हणता येत नाही. अर्ज नाही, टिपणी नाही, दरपत्रकं नाहीत, आणि मत मात्र प्रत्येकाचं तयार. परवा दूध घालणाऱ्यानंही सायकलवर टांग मारता मारता सांगितलं, ‘‘ड्युअल बँड घेऊन टाका बाबूजी.’’ त्याला कोणी विचारलं नव्हतं. दुधात पाणी किती, हे मीही त्याला कधी विचारलेलं नाही.

म्हणून शेवटी मीच नस्ती उघडली. निवृत्तीच्या वेळी कचेरीतून घरी आणलेल्या मोजक्या वस्तूंत एक कोरी फाइल होती (ती माझ्या पैशांची होती, पावती आहे). तिच्यावर विषय लिहिला आणि आत पहिलं पान लावलं : वस्तुस्थिती.

वस्तुस्थिती अशी. राउटर 2017 च्या दिवाळीत घेतला. काळा, दोन शिंगांचा, एकाच बँडवर चालणारा. डब्यावर मोठ्या अक्षरांत 300 छापलेलं. पाठीमागे वायर खुपसायची जी खाच आहे, तिची मर्यादा मात्र 100. म्हणजे दारातून शंभर पोती आत येणार आणि घरात तीनशे पोती वाटली जाणार. असा हिशेब आमच्या कचेरीत कोणी मांडला असता तर लेखापरीक्षणात परिच्छेद निघाला असता. इथं त्याला जाहिरात म्हणतात.

ते तीनशेसुद्धा खरे नसतातच. निम्मे तर हवेतल्या शिष्टाचारातच जातात, आणि तो शिष्टाचार मला मनापासून आवडला, म्हणून जरा सांगतो. राउटर आणि घरातले सगळे मोबाइल एकाच हवेत बोलतात. त्यामुळे बोलण्याआधी प्रत्येकानं ऐकायचं असतं. दुसरा बोलत असेल तर थांबायचं. दोघं एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर दोघांनीही गप्प बसून मनातल्या मनात काही आकडे मोजायचे आणि मग पुन्हा प्रयत्न करायचा. पाठवलेल्या प्रत्येक गठ्ठ्याची पोच घ्यायची; पोच आली नाही तर गठ्ठा पुन्हा पाठवायचा. आवक-जावक इतकी चोख मी माझ्या नोकरीतही पाहिली नाही. आमच्या घरात ही शिस्त पाळणारा तो एकटाच आहे, आणि त्यालाच काढायचं चाललंय.

या पद्धतीचा एक परिणाम मात्र मी नस्तीत नोंदवलेला नाही. जो मोबाइल लांब असतो, ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याच्याशी राउटरला सावकाश बोलावं लागतं. तो सावकाश बोलत असताना बाकीचे सगळे ताटकळतात. म्हणजे घरातला एक लांबचा, जुना मोबाइल पूर्ण घराचा वेग खाऊ शकतो. आमच्या घरातला सर्वांत लांबचा आणि जुना मोबाइल कोणाचा, ते मला ठाऊक आहे. तो स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, तिखटाच्या डब्याला टेकवून उभा असतो. यावर शेरा मारण्याचे अधिकार माझ्याकडे नाहीत.

तक्रारही तिकडूनच आली होती. आमचं घर कळंबच्या जुन्या वस्तीत. समोर ओसरी, मग बैठक, मधली खोली, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. बैठकीवर नवा स्लॅब. मधली खोली आणि स्वयंपाकघर वडिलांच्या वेळचं, दोन फुटी मातीच्या भिंतींचं, वर टिन. सौभाग्यवतींना पोळ्या लाटताना कीर्तन लागतं. मागच्या वर्षीच्या पोळ्याला, पुरणाच्या ऐन गर्दीत, त्या बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘महाराज दहा मिनिटं झाले हात वर करून उभे हायेत. त्याइले खाली बसवा.’’

मी राउटर बंद करून चालू केला. महाराज खाली बसले. पण तेव्हापासून महाराजांचा हात वर गेला की तो राउटरचा दोष, असं घरात ठरलं.

फायबरवाल्या पोराला बोलावलं. तो चौथ्या दिवशी आला. त्यानं भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यातले दिवे पाहिले. ‘‘लाल लाइट नाई काकाजी. लाइन ओके.’’ हे बरोबरच होतं. त्या पांढऱ्या डब्याचं काम केसाएवढ्या काचेतून आलेल्या प्रकाशाचं वायरीतल्या विजेत रूपांतर करणं. प्रकाश आला नाही तर लाल दिवा लुकलुकतो. नाली खोदताना काच तुटली की आमच्या गल्लीत तो तांबडा दिवा घरोघरी लागतो, मग कोणी कोणाला विचारत नाही. त्या दिवशी तो हिरवा होता. पोरानं काळ्या राउटरपाशी, अगदी त्याच्या कानाशी मोबाइल धरून वेग मोजला. छेचाळीस आला. आमचं कनेक्शन शंभराचं. ‘‘पाह्यलं? तुमचा राउटर सिंगल बँड हाये. वर ट्रॅफिक. बदलून टाका.’’

मी म्हणालो, स्वयंपाकघरात येऊन मोज.

‘‘तिकडं आमचं काम नाई,’’ तो म्हणाला. हे उत्तर मी ओळखतो. एकतीस वर्षं मी स्वतः दिलेलं आहे. त्याला चहा दिला.

मग मीच मोबाइल घेऊन घरभर फिरलो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीला तक्ता केला. राउटरपाशी छेचाळीस. मधल्या खोलीत अकरा. स्वयंपाकघरात तीन. गच्चीवर नाही. न्हाणीघरात मोजण्याचं प्रयोजन दिसलं नाही. आणि शेजाऱ्याच्या ओसरीवर, म्हणजे आमच्या घराच्या हद्दीबाहेर, बावीस.

दोन आकड्यांवर मला थोडं बोलायचं आहे. स्वयंपाकघरातले तीन. केंद्र सरकारनं 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 किलोबिट असं ठरवलं होतं. ती व्याख्या वाढत वाढत जानेवारी 2023 मध्ये दोन मेगाबिटवर आली. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात कायद्यानं ब्रॉडबँड आहे, शिवाय एक मेगाबिट शिल्लक. हे मी सौभाग्यवतींना समजावून सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला, माझ्याकडे पाहिलं, आणि गॅस पुन्हा मोठा केला.

दुसरा आकडा बावीसचा. शेजाऱ्यांना पासवर्ड आम्हीच दिला होता, टाळेबंदीत, त्यांच्या पोट्ट्यांच्या ऑनलाइन शाळेसाठी. शाळा उघडून वर्षं लोटली. पोट्टे मोठे झाले, त्यातला एक पुण्यात नोकरीलाही लागला. पासवर्ड राहिला. आमच्या बैठकीच्या खिडकीतून सरळ त्यांच्या ओसरीवर वायफाय जातं. मध्ये भिंत नाही, कपाट नाही, फक्त हवा. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या सातपट वेग आम्ही शेजारधर्म म्हणून पुरवतो. आणि लेखी नाही तरी तोंडी, पण वारंवार येणारी तक्रार त्यांचीच. ‘‘बाबूजी, तुमचं नेट लय अटकते रात्री. मॅचच्या टायमालेच. राउटर बदला न आता, कायले पैसे दाबून ठेवता?’’

मी म्हणालो, विचाराधीन आहे.

मुलगा पुण्याला असतो. तो व्हिडिओ कॉलवर मला पाहण्याआधी माझ्या मागचा राउटर पाहतो. ‘‘बाबा, तो डबा अजून तिथंच? वायफाय सिक्स घ्या. खरं तर सेव्हन आलंय, पण तुम्हाला सिक्स पुरे.’’ त्याला वाटतं, आम्ही कंजूस आहोत. मी त्याला म्हणालो, आकडा सांग, पुढचं मी वाचतो. आणि वाचलं.

वाचल्यावर लक्षात आलं की हे आकडे आधी नव्हतेच. 1997 साली पहिलं मानक आलं, त्याचं नाव 802.11, वेग जास्तीत जास्त दोन. मग त्याच क्रमांकापुढे अक्षरं लावत गेले : बी, जी, एन, एसी, एएक्स. आमच्या जुन्या शासन निर्णयांच्या क्रमांकांसारखी ही पद्धत होती; कोणाला कळायची नाही, पण गैरसमजही व्हायचा नाही. 2018 साली वायफायवाल्यांच्या संघटनेनं ठरवलं की लोकांना सोपं जावं म्हणून चार, पाच, सहा म्हणायचं. आता सहा ऐकलं की चारवाल्याला आपोआप दोन इयत्ता मागे पडल्यासारखं वाटतं. माझा राउटर चारवाला. आजवर तो नापास कधी झाला नव्हता. इयत्तेचा आकडा लागला आणि नापास झाला.

आणखी खोदलं तर एक गंमतीची गोष्ट हाती लागली. या तंत्रातला एक महत्त्वाचा भाग ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. हे गृहस्थ रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. आकाशातून येणारे विस्कटलेले, पुसट संदेश स्वच्छ करण्याचं गणित त्यांना ठाऊक होतं. घरातल्या भिंती-कपाटांवर आपटून विस्कटणाऱ्या लहरींना तेच गणित लागू पडलं. कृष्णविवरांचा शोध घेणाऱ्या माणसाची विद्या माझ्या मधल्या खोलीत राबते आहे, हे कळल्यावर अकरा हा आकडा मला कमी वाटेना. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. आमच्या राउटरला वीतभर लांबीच्या दोन. त्या मानानं तो बरं ऐकतो.

मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘बाबा, प्लीज.’’

पण त्याच्या सल्ल्यात एक त्रुटी होती आणि त्रुटी दिसली की प्रकरण परत पाठवणं हा माझा स्वभाव आहे. राउटर सहावीचा आणला, तरी त्याच्याशी बोलणाऱ्या मोबाइलला सहावीची भाषा यायला हवी. येत नसेल तर राउटर मुकाट्यानं चौथी-पाचवीच्या भाषेत बोलतो. घरातल्या यंत्रांची मी गणना केली. सौभाग्यवतींचा मोबाइल एका बँडचा. टीव्ही एका बँडचा. माझा मोबाइल पाचवीतला. म्हणजे सहावीचा शिक्षक नेमायचा आणि वर्गात एकही विद्यार्थी नाही. अशी पदं शासनात असतात, नाही असं नाही. पण ती मी मंजूर केलेली नव्हती.

दूधवाल्यापासून सगळे ज्याचा जप करतात तो दुसरा बँड पाच गिगाहर्ट्झचा. तो वेगवान आहे, मोकळा आहे. पण मातीच्या दोन फुटी भिंतीपुढे तो आमच्या अडीचच्या बँडपेक्षाही लवकर हात टेकतो. म्हणजे राउटरपाशी छेचाळीसचे शंभर होतील आणि स्वयंपाकघरात महाराज तसेच उभे. राउटरपाशी मला काहीच करायचं नसतं. तिथं फक्त फायबरवाला पोरगा उभा राहतो.

शिवाय आमच्या अडीचच्या पट्ट्यात (खरं तर 2.4, पण बाजारात कोणी पावणेदोन आणे सोडत नाही) गर्दी आहे, हेही खरं. त्यात तेरा चॅनेल म्हणतात, पण एकमेकांच्या अंगावर न रेलता बसायचं तर जागा तीनच : एक, सहा, अकरा. आमच्या गल्लीत मोबाइलवर नऊ वायफाय दिसतात. त्यातली सात सहाव्यावर. बसस्टँडवरही असंच होतं. दोन बाकं रिकामी असतात आणि लोक पंख्याखालच्या तिसऱ्यावर मांडीला मांडी लावून बसतात. मी आमचा राउटर अकरावर नेला. आठवडाभर बरं वाटलं. मग गल्लीतला आणखी एक जण अकरावर आला. कोण, ते कळलं नाही. त्याच्या वायफायचं नाव ‘जय भोले’ आहे.

दरपत्रकं तीन लागतात. यवतमाळ इथून वीस-बावीस किलोमीटर. एका कामाच्या निमित्तानं गेलो तेव्हा दुकानात चौकशी केली. तो म्हणाला, ‘‘किती काडीचा देऊ?’’ चार काडीचा साडेतीन हजार, सहा काडीचा पाच. मी विचारलं, काड्या वाढल्या की नेमकं काय वाढतं? तो म्हणाला, ‘‘रेंज.’’ मी म्हणालो, राउटर मोठ्यानं ओरडेल हे मान्य, पण मोबाइलला परत उत्तर द्यायचं असतं; मोबाइलचा आवाज तर तेवढाच राहील ना? तो काउंटरवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला मी दोष देत नाही. साऱ्या राउटरचं बोलणं एका दशांश वॉटच्या आसपास चालतं. आमच्या देवघरातला झिरोचा बल्ब त्याच्या कितीतरी पट खातो. पण ‘एक दशांश वॉट’ असं डब्यावर छापून कोणी पाच हजार देणार नाही.

दुसरं दरपत्रक मुलानं ऑनलाइन पाठवलं. तिसरं मिळालं नाही. तुलनात्मक तक्ता त्यामुळे अपूर्ण राहिला, आणि अपूर्ण तक्त्यावर खरेदी होत नाही.

दरम्यान चिंतामणीला जाऊन आलो. विदर्भातल्या अष्टविनायकांत कळंबचा हा गणपती. नाव चिंतामणी, काम नावातच आलं. मंदिर जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथं तप केलं आणि कुंडातल्या पाण्यानं तो बरा झाला, अशी कथा. दर बारा वर्षांच्या सुमारास कुंडातलं पाणी चढून मूर्तीच्या पायांना लागतं आणि मग ओसरतं, अशी इथली श्रद्धा. मी हात जोडले तेव्हा मनात विनाकारण हिशेब सुरू झाला : गंगामाईला यायला बारा वर्षं चालतात, आणि वायफायची सहावी 2019 ला, सातवी 2024 ला. माझा राउटर जेमतेम आठ वर्षांचा. त्याचे अजून एकदाही पाय धुतले गेलेले नाहीत.

पायऱ्या चढून वर आलो तर मोबाइलवर सात संदेश. सहा मुलाचे. सातवा शेजाऱ्यांचा : ‘नेट बंद हाय का?’

निर्णयाला वेळ लागतो, यात कळंबच्या माणसाला लाज वाटण्याचं कारण नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाला मंजुरी 2008-09 मध्ये मिळाली, आणि वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली 28 फेब्रुवारी 2024 ला. मधल्या काळात माझे केस गेले, मुलाचं शिक्षण झालं, लग्न झालं. पण गाडी आली ना? आणि आल्यावर कोणी म्हणालं का, की आता बुलेट ट्रेन निघालीय, ही कशाला? राउटरच्या बाबतीत मात्र दोन दिवाळ्याही दम निघत नाही.

कापसाचं प्रकरण याच काळात उपस्थित झालं. लहान भावाचा कापूस वेचणीनंतर दर वर्षी आमच्या मधल्या खोलीत येऊन पडतो. त्याच्या घरी जागा नाही. छातीएवढा ढीग. यंदा सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. भाऊ मोबाइल घेऊन त्या ढिगाला टेकून बसला आणि ओटीपी येईना. ओटीपी मोबाइलच्या रेंजनं येतो, वायफायनं नाही, हे मी सांगत होतो. पण घरात तोवर नवा सिद्धान्त मांडला गेला होता : कापूस वायफाय पितो. वहिनींनी मांडला, सौभाग्यवतींनी उचलून धरला. ‘‘दिवाई झाली का कापूस येते, आन् तवापासून महाराज अटकते. इतकं साधं हाये.’’

सिद्धान्त सोपा होता, म्हणून तपासला. पाणी या लहरी पितं, हे खरं. पण कापूस विकायला काढतात तोच सुकवून. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात करून घेतात, त्यावर तर घेतच नाहीत. आठ-दहा टक्के पाणी आणि बाकी हवाच हवा. ढिगाच्या अलीकडे मोजलं, पलीकडे मोजलं. अकराचे दहा झाले. कापूस निर्दोष. वहिनींना हे पटलं नाही. मोजताना ढिगात मोबाइल हरवला होता आणि तो शोधायला तीन बायका लागल्या, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

पण त्या मोजणीत मला दुसरी एक गोष्ट दिसली. मे महिन्यात मी पुन्हा एकदा मोजलं होतं, त्या तक्त्यात स्वयंपाकघराचा आकडा दीड होता. आता तीन. राउटर तोच, भिंती त्याच, महाराज तेच. मग मे महिन्यात जास्तीचं काय होतं?

भरलेला कूलर होता. विदर्भात कूलर हे यंत्र नाही, तो बांधकामाचा भाग आहे. मार्चमध्ये बसतो, जूनमध्ये निघायला हवा, पण आमचा बैठकीतच मधल्या दारापाशी लोखंडी घोडीवर बाराही महिने उभा असतो, आणि हिवाळ्यात त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. टिनाचा, माझ्या खांद्याएवढा, पोटात सत्तर लिटरची टाकी. त्याच्या मागे शोकेस, आणि शोकेसच्या खालच्या फळीवर, आराध्यदैवताच्या फोटोशेजारी, राउटर. म्हणजे बैठकीतून घरात जाणाऱ्या प्रत्येक लहरीला आधी टिनाला आणि उन्हाळ्यात सत्तर लिटर पाण्याला ओलांडून जावं लागत होतं. टिन लहर परत फिरवतो, पाणी ती गिळतं. उरलेली खिडकीतून शेजाऱ्यांकडे जात होती.

ही बाब मी सौभाग्यवतींच्या निदर्शनास आणून दिली.

‘‘मंग कूलरमागं कायले ठेवला होता तो?’’ त्यांनी विचारलं.

ठेवणारा कोण, याची चौकशी मी करणार नाही. 2017 चं आहे, कागद सापडत नाहीत.

खरं तर त्याच दिवशी राउटर उचलून वर ठेवता आला असता. पण विषय ‘राउटर बदलणे’ असा होता, ‘राउटर हलवणे’ असा नव्हता. विषयाबाहेरचं काम केलं की पुढे उत्तरं देत बसावं लागतं. शिवाय बदलण्याच्या बाजूनं एक मुद्दा खरोखर वजनदार होता, तो नस्तीत घ्यायचा राहिला होता. तो मुद्दा मांडला मात्र कोणीच नव्हता : ना मुलानं, ना शेजाऱ्यांनी, ना दूधवाल्यानं. जुन्या राउटरच्या आतली प्रणाली बनवणाऱ्यानं दुरुस्त करणं सोडून दिलं की त्यात चोरवाटा राहतात. 2016 साली मिराई नावाच्या घातकी प्रोग्रॅमनं जगभरचे राउटर आणि कॅमेरे असेच ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता, तेवढ्यावर. मी माझ्या राउटरचा पाहिला. वायफायचा पासवर्ड कुलदैवताचं नाव आणि लग्नाचं साल, अगदी भक्कम. पण राउटरच्या स्वतःच्या दाराचा पासवर्ड ‘ॲडमिन’. नावही ॲडमिन. आठ वर्षं आमचं दार उघडंच होतं आणि चोर आला नाही. स्वयंपाकघरापर्यंत त्यालाही पोचता आलं नसेल.

पासवर्ड बदलला. प्रणालीची नवी आवृत्ती शोधली; शेवटची 2019 ची निघाली. या एका कारणावर मी नवा राउटर मंजूर करायला तयार होतो, हे इथं नमूद करतो. बाकीचे सगळे मुद्दे निकालात निघाले तरी हा राहतो. टिपणी लिहायलाही घेतली.

तेवढ्यात पार्सल आलं. मुलानं विचारलंच नव्हतं. सहा काड्यांचा, वायफाय सिक्सचा, चकचकीत खोक्यात. दिवाळीची भेट.

आता एक अडचण उभी राहिली, आणि ती घरात कोणालाही समजावता आली नाही. नवी वस्तू वापरात घ्यायची तर जुनीचं निर्लेखन करावं लागतं. निर्लेखनासाठी ती निरुपयोगी आहे, दुरुस्तीपलीकडे गेली आहे, असं प्रमाणित करावं लागतं. जुना राउटर चालू होता. त्याला मी निरुपयोगी कसा लिहू? तो माझ्यासमोर हिरवे दिवे लावून बसला होता. एकतीस वर्षांत मी जडवस्तू नोंदवहीत खोटी नोंद केली नाही. एक टेबलपंखा तर चालू आहे म्हणून तीन साहेब बदलेपर्यंत सांभाळला. म्हणून खोकं न उघडता ठेवायचं ठरलं. परत पाठवायची मुदत दहा दिवसांची होती. ती अकराव्या दिवशी माझ्या लक्षात आली.

खोक्याला जागा हवी होती. कपाटावर पाहुण्यांच्या गाद्या. मधल्या खोलीत कापूस. शेवटी कूलरवरचे इस्त्रीचे कपडे काढून तिथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी शोकेस पुसायला काढली. पुसताना राउटर अडचण करत होता, म्हणून त्यांनी तो उचलला, वायर जेवढी पोचली तेवढा वर नेला आणि नव्या राउटरच्या खोक्यावर ठेवला. पुसून झाल्यावर खाली ठेवायचा राहिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून सलग कीर्तन ऐकू येत होतं. महाराजांचा हात वर गेला आणि खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मी मोबाइल घेऊन आत गेलो. स्वयंपाकघर : एकतीस.

रात्री मुलाचा कॉल आला. चित्र न थरथरता आलं. ‘‘बघा बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘म्हटलं नव्हतं? सिक्स आणला की फरक लगेच कळतो. उगाच वर्षभर घोळ घातलात.’’ सौभाग्यवती मागून म्हणाल्या, ‘‘हाव न, कधीची म्हणून राह्यलो मी.’’

मी काही बोललो नाही. राउटर त्या खोक्यामुळेच चालत होता, हे शब्दशः खरं होतं.

सकाळी शेजारी फाटकापाशी उभे होते. चेहरा उतरलेला. राउटर खिडकीच्या वर गेल्यापासून त्यांच्या ओसरीच्या आणि त्याच्या मध्ये आमची भिंत आली होती. ‘‘बाबूजी, तुमचा नवा राउटर काई बरोबर नाई. काल रात्री आमच्याकडं चारच येत होतं. मॅच गेली राज्या पूर्ण. जुनाच बरा होता. वापस करून टाका.’’

मी आत आलो, फाइल काढली, आणि आवक क्रमांक दोन टाकून नोंद घेतली : विषय, राउटर पूर्ववत करणेबाबत.